शहाण्णव वेळा निम्मी होणारी संख्या

सातलाख सूत्रामुळे चौऱ्याऐंशी लक्ष हा आकडा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. हीच संख्या २८ वेळा मांडून गुणाकार केला असता जैन कालगणनेतील 'शीर्षप्रहेलिका' येते. माथुरी वाचनेनुसार ती १९४ अंकी, तर वालभी परंपरेच्या ज्योतिष्करंडकात २५० अंकी आहे. एकाच नावाच्या संख्येत ५६ स्थानांचा फरक! वीरनिर्वाण ९८० मध्ये (मतांतराने ९९३) वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी आगम ग्रंथारूढ करविले. तत्पूर्वी विद्या मुखोद्गत असल्याने असा पाठभेद होणे स्वाभाविकच होते.

एक संख्या मात्र अभंग राहिली. अनुयोगद्वारसूत्रात गर्भज मनुष्यांची जघन्य संख्या दोन रीतींनी सांगितली आहे. २ चा पहिला वर्ग ४, त्याचा वर्ग १६, अशा क्रमाने येणाऱ्या पाचव्या व सहाव्या वर्गांचा गुणाकार, ही एक रीत. पाचवा वर्गच ४,२९,४९,६७,२९६ भरतो. दुसरी रीत अशी की, जी संख्या ९६ वेळा निम्मी करता येते, ती ही. मांडल्यावर ती अशी दिसते :

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६

दुकानातील बारा अंकी कॅल्क्युलेटर येथे हात टेकतो. ही गणना अडीच द्वीपांतील मनुष्यांची असल्याने आजच्या जनगणनेशी ती ताडून पाहू नये.

खरी खुबी पुढेच आहे. २९ अंकी सर्व संख्यांत ९६ वेळा निःशेष निम्मी होणारी ही एकमेव संख्या होय. कारण हिची दुप्पट केली की ३० अंक होतात. सबब लेखनिकाच्या हातून एक जरी अंक चुकला, तरी ९६ भागाकार पुरे होत नाहीत. जमाखर्चाचा ताळा जणू संख्येच्या पोटातच ठेवलेला आहे.

दिगंबर परंपरेत दहाव्या शतकातील नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी गोम्मटसारात पर्याप्त मनुष्यांची हीच संख्या एका गाथेत गुंफली. 'त' म्हणजे ६, 'ल' म्हणजे ३, अशी अक्षरे योजून ती एकं स्थानापासून उलट वाचावयाची. दोन संप्रदायांत अनेक बाबतींत मतभेद असूनही या २९ अंकांत भेद नाही, हे मला फार मोलाचे वाटते. (अंकांची गोडी असणाऱ्यांनी सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९६३ मध्ये हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केलेला महावीराचार्यांचा गणितसारसंग्रहही पाहावा. तेथे १३९ ला १०९ ने गुणून १५१५१ असा अंकांचा हार ओवला आहे.)

मायक्रोसॉफ्टच्या 'डॉट नेट' या संगणकप्रणालीत पैशांच्या हिशेबासाठी 'डेसिमल' नावाचा संख्याप्रकार आहे. त्याची कमाल मर्यादा आपल्या संख्येहून बरोबर एकाने कमी! ती आपल्या आगमांतून घेतली, असे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू नये. तेथे दोनाच्या पटीची ९६ स्थाने राखलेली असतात, एवढाच त्याचा अर्थ.

पेण व रोहा येथील पाठशाळेच्या मुलांनी यंदाच्या चातुर्मासात वही-पेन्सिल घेऊन हा ताळा स्वतः करून पाहावा. पहिल्या पायरीस ३९६१४०८१२५७१३२१६८७९६७७१९७५१६८ येतील. पुढे ९५ पायऱ्या राहतात.