तांड्याचा इतिहास कोण लिहून ठेवणार?

मंडळी, 1 जुलै ही तारीख आपल्यासाठी दोनदा महत्त्वाची. 1998 साली याच दिवशी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. आणि 1913 साली याच दिवशी पुसदजवळच्या गहुलीत वसंतराव नाईकांचा जन्म झाला, म्हणून राज्यभर कृषी दिन असतो. 1963 ते 1975 अशी अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री राहिलेला हा माणूस तांड्यातून आलेला. पण आपल्या मानोरा-मंगरुळपीर भागातल्या तांड्यांचा इतिहास शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागतं.

गावाचा इतिहास सांगायला गढी असते, जुनं देऊळ असतं, पाटलाच्या घरचे कागद असतात. तांड्याकडे हे काहीच नाही, कारण तांडा मुळात चालता होता. तांडा म्हणजे बैलांचा काफिला. पाठीवर गोण्या लादलेले शेकडो बैल, सोबत बायका-पोरं. मीठ आणि धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात न्यायचं, हा लमाणांचा धंदा. दख्खनेत उतरलेल्या मोगल फौजांनाही रसद त्यांच्याच बैलांवरून जायची.

मग रेल्वे आली. 1867 पर्यंत भुसावळ-अकोला-बडनेरा करत लाइन नागपूरला पोहोचली. वऱ्हाडचा कापूस डब्यातून जाऊ लागला, मीठ डब्यातून येऊ लागलं. बैलाच्या पाठीचं काम संपत गेलं. त्यातच इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. पुढे हा शिक्का ठिकठिकाणी लमाणांवरही बसला. तो कायदा गेला 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी. ‘विमुक्त जाती’ हा शब्द त्यातून आला.

बैल थांबले तिथे माणसं थांबली. पण काळी कसदार जमीन आधीच गावातल्यांच्या नावावर होती. उरली होती ती बरड, टेकडीच्या उताराची, जंगलाच्या कडेची. नाहीतर गुरं चारायची गवताळ ई-क्लास. म्हणून आजही तांडा गावापासून कोस-अर्धा कोस दूर दिसतो. त्याला नाव मिळालं बहुधा नाईकाचं. नाईक आणि कारभारी हे तांड्याचे कर्ते. भांडण, सोयरीक, वाटणी, सगळं नाईकाच्या दारात बसून मिटायचं. त्या बैठकीत बायांना बोलायची सोय नव्हती, हेही सांगितलंच पाहिजे. श्रावणातली तीज मात्र पोरींची. टोपल्यांत गहू पेरायचा, रोज पाणी घालायचं, गाणी म्हणायची. होळीला लेंगी, नंगाऱ्यावर थाप, आणि रामनवमीला सगळ्यांची वाट पोहरादेवीकडे, सेवालाल महाराजांच्या समाधीला. 5 ऑक्टोबर 2024 ला तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. चांगलं झालं. पण संग्रहालय समाजाचा वारसा दाखवेल, तुमच्या तांड्यात पहिलं घर कोणी बांधलं ते तिथे कसं सापडणार?

कोणी म्हणेल, भाऊ, जुनं उकरून काय मिळते? मिळते. साध्या कागदाचा हिशेब बघा.

विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या जात पडताळणीला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागतात. ज्या तांड्यात तेव्हा शाळाच नव्हती, तिथल्या आजोबाचा शाळेचा दाखला नातू आणणार कुठून? दुसरं, जमिनीचं. भूमिहीन मागासवर्गीयांची सरकारी जमिनीवरची शेतीची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय 28 नोव्हेंबर 1991 ला झाला, पण अतिक्रमण 14 एप्रिल 1990 पर्यंतचं असल्याचं दाखवावं लागे. 2022 साली हायकोर्टाच्या आदेशानंतर राज्यात गायरानावरच्या घरांना नोटिसा निघाल्या, तेव्हाही पहिला प्रश्न तोच होता: इथे कधीपासून राहता? तांड्यातली म्हातारी सांगते, “माझं लगन होऊन आली तवापासून.” खरं सांगते ती. पण साहेबांच्या फाइलीत ते उत्तर लावता येत नाही.

आणि ते सांगणारी माणसंही आता तांड्यात कमीच सापडतात. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. घराला कुलूप, ओट्यावर म्हातारा-म्हातारी. तेच शेवटचे साक्षीदार.

म्हणून तांड्यातल्या शिकलेल्या पोरांना सांगणं आहे. मोबाइल सगळ्यांकडे आहे. या उन्हाळ्यात म्हाताऱ्यांजवळ बसा, गोरमाटीतच बोलू द्या, रेकॉर्ड करा. पहिला नाईक कोण, पाणी कुठून आणायचे, बहात्तरच्या दुष्काळात कोणत्या कामावर खडी फोडली. शेजारच्या गावच्या शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर बघा, जुन्या मतदार याद्यांच्या नकला मागा, घरकराच्या पावत्या जपा. तांडा गट ग्रामपंचायतीत असेल तर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत सगळ्यांनी जा, आणि तांड्याचं वेगळं गावठाण, वेगळं महसुली गाव याचा ठराव लेखी मांडा. तोंडी मांडलेला विषय इतिवृत्तात येईलच असं नाही, हे आपल्याला माहीत आहे.

तुमच्या तांड्याचं नाव कोणत्या नाईकावरून पडलं? खाली लिहा. सुरुवात तिथूनच करू.