संग्रामपूर परिसरातील नभोवाणीश्रवण : ध्वनीचा दर्जा आणि घरगुती ग्रहण यांचा इतिहास

भारतातील नभोवाणीचा इतिहास बहुधा प्रक्षेपकांच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणते केंद्र कोणत्या साली उघडले, त्याची शक्ती किती किलोवॅट होती, कोणाच्या कारकिर्दीत कोणता विस्तार झाला, ह्या नोंदी व्यवस्थित सापडतात. श्रोत्याच्या घरात तो ध्वनी कोणत्या अवस्थेत पोहोचला आणि पोहोचल्यावर त्यातील भाषा कितपत कळली, ह्या प्रश्नाकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. केंद्राच्या जवळ राहणाऱ्या श्रोत्यापुढे हा प्रश्न फारसा उभा राहत नाही. तो उभा राहतो केंद्रापासून दूर असलेल्या प्रदेशात, म्हणजे जेथे लहर पोहोचते पण क्षीण होऊन पोहोचते अशा परिघावर. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुका हा असा परिघ होय. डिजिटल ध्वनिक्षेपणाच्या आगमनामुळे ह्या परिघाच्या इतिहासास नवे महत्त्व प्राप्त झाले आहे.

१. स्थान आणि केंद्रे

संग्रामपूरच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे, दक्षिणेस पूर्णेचे खोरे आहे. नागपूर तेथून पूर्वेस सुमारे २५० किलोमीटर, तर खानदेशातील जळगाव पश्चिमेस सुमारे ११५ किलोमीटर आहे. ही दोन्ही शहरे आणि संग्रामपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर येतात. मुंबई नैऋत्येस साडेचारशे किलोमीटरांवर आहे. परभणी जवळजवळ थेट दक्षिणेस, दोनशे किलोमीटरांच्या आत आहे. ह्या दिशा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे घरगुती ग्रहणाच्या विचारात त्यांचा उपयोग होणार आहे.

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याचा दीड किलोवॅटचा प्रक्षेपक सुमारे ४८ किलोमीटरांच्या टापूपुरता समर्थ होता. वऱ्हाडाच्या दृष्टीने त्या केंद्राचे अस्तित्व नाममात्रच होते. १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि ध्वनिक्षेपण सरकारने हाती घेतले. १९३६ साली देशाच्या विस्तारासाठी दोन भिन्न विचार पुढे आले. बी.बी.सी.चे अभियंते कर्क यांचा कल मध्यमलहरींच्या केंद्रांकडे होता. त्यानंतर मुख्य अभियंता म्हणून आलेले गॉयडर यांनी अल्प खर्चात सर्व देश व्यापण्यासाठी लघुलहरींचा आग्रह धरला. ४ फेब्रुवारी १९३८ रोजी मुंबईचा दहा किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक सुरू झाला. ह्या निर्णयाचे फळ परिघावरील श्रोत्याला दुहेरी मिळाले. दूरचे केंद्र त्याला ऐकू येऊ लागले. परंतु लघुलहर ही वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युद्भारित स्तरांवरून परावर्तित होऊन येत असल्यामुळे आवाज क्षणात चढे, क्षणात बुडे, आणि मध्येच शब्द पिळवटल्यासारखे होत. व्याप्ती साधली, पण सुस्पष्टता गमावली गेली.

१६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र उघडले. बुलढाणा जिल्हा त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असल्यामुळे राजकीय दृष्ट्या हेच त्याचे केंद्र होते, आणि प्रांत द्वैभाषिक असल्यामुळे केंद्रही मराठी व हिंदी अशा दोन भाषांत बोलत असे. १९५६ च्या नोव्हेंबरात हा जिल्हा मुंबई राज्यात व १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्रात आला. १९६८ साली परभणी आणि १९७६ साली जळगाव येथे केंद्रे झाली. जळगावचा ९६३ किलोहर्ट्झवरील वीस किलोवॅटचा प्रक्षेपक संग्रामपूरच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा, कारण दोहोंमधील प्रदेश तापी आणि पूर्णा यांच्या गाळाचा, बव्हंशी सपाट असा आहे. १८ मे १९८८ रोजी नागपूरजवळील बुटीबोरी येथून १५६६ किलोहर्ट्झवर एक हजार किलोवॅट शक्तीची राष्ट्रीय वाहिनी रात्रीच्या प्रसारणासाठी सुरू झाली. २०१८ च्या अखेरीस ती बंद करण्याचा निर्णय झाला.

१९५६ सालच्या एका प्रयोगाचा येथे उल्लेख केला पाहिजे. युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापण्यात आली. पुणे केंद्रावरून कार्यक्रम होत, गावकरी ते एकत्र बसून ऐकत आणि नंतर त्यांवर चर्चा करीत. जगदीशचंद्र माथुर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या नावांशी निगडित झालेला हा प्रयोग यशस्वी ठरला आणि १९५९ पासून त्याचा देशभर विस्तार झाला. प्रयोगाच्या वेळी मध्य प्रदेशात असलेला बुलढाणा जिल्हा त्यात नव्हता. तथापि त्या प्रयोगात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती येथे महत्त्वाची आहे : चर्चा व्हावयाची तर आधी बोललेला शब्द कळला पाहिजे.

२. घरातील उपाय

शब्द कळावा म्हणून श्रोत्याने घरी काय केले, हा ह्या इतिहासाचा दुसरा भाग. व्हॉल्व्हच्या रेडिओसाठी घराबाहेर, शक्य तितक्या उंच, दोन बांबूंच्या मध्ये तांब्याची तार ताणणे आणि तिला चिनी मातीचे विसंवाहक लावणे हा उत्तम उपाय होता. ज्यांना हे साधत नसे ते खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी बांधीत. एरियलइतकेच महत्त्व जमिनीत पुरलेल्या तारेला, म्हणजे अर्थिंगला होते. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून तो ओला ठेवावा, अशी रीत होती. कारण ओली, खारट माती विद्युत्प्रवाहाला कमी अडथळा करते.

ह्या दृष्टीने संग्रामपूरची भूमी विचार करण्याजोगी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून जातो आणि ह्या तालुक्याचा दक्षिण भाग त्यात येतो. जे खारे पाणी पिण्यास व शेतीस अपायकारक, तेच मातीत मुरलेले असता जमिनीलगत येणाऱ्या मध्यमलहरीला व अर्थिंगला अनुकूल ठरते. निसर्गाने ह्या पट्ट्याशी केलेला हा एक चमत्कारिक व्यवहार म्हटला पाहिजे.

ट्रान्झिस्टर आल्यावर बाहेरची तार गेली आणि तिची जागा यंत्राच्या आत बसविलेल्या फेराइट कांडीने घेतली. ही कांडी ज्या दिशेला टोक करून असते त्या दिशेच्या केंद्राचा आवाज सर्वांत क्षीण येतो, आणि जी दिशा तिला काटकोनात असते तेथील केंद्र सर्वांत चांगले ऐकू येते. संग्रामपुरात कांडी दक्षिणोत्तर ठेवली तर जळगाव व नागपूर ही दोन्ही केंद्रे साधतात आणि परभणी दबते. परभणी हवी असेल तर रेडिओ पाव वळसा फिरवावा लागतो. सामान्य श्रोत्याला कांडीचे शास्त्र ठाऊक असण्याची गरज नव्हती. रेडिओ हातात घेऊन तो हळूहळू फिरवावयाचा आणि आवाज उघडला की तसाच ठेवावयाचा, एवढे त्याला अनुभवाने पुरत असे. घरात ट्रान्झिस्टरची जी ठरलेली जागा असे, तिच्या मुळाशी पुष्कळदा हा अनुभव असतो.

रात्री परिस्थिती पालटते. दिवसा मध्यमलहरींना शोषून घेणारा वातावरणाचा खालचा विद्युद्भारित थर सूर्यास्तानंतर विरतो, आणि शेकडो किलोमीटरांवरील केंद्रे एकाच जागी गर्दी करतात. ह्यात घरातील खरखरीची भर पडते. पूर्वी ती ट्यूबलाइटचा चोक आणि विहिरीवरील मोटरचा स्टार्टर यांची होती; आज एल.ई.डी. दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांची आहे. संशयित उपकरणे एकेक करून बंद करून पाहणे आणि रेडिओ त्यांच्यापासून दूर, खिडकीपाशी किंवा अंगणात नेणे, हे उपाय साधे असले तरी अनेकदा एरियल वाढविण्याहून अधिक गुणकारी असतात.

३. काय हरपते आणि काय टिकते

‘आवाज चांगला येतो’ ह्या वाक्यात दोन वेगळ्या गुणांची सरमिसळ असते : ध्वनीचा गोडवा आणि शब्दाची सुस्पष्टता. जुन्या रेडिओवरील ‘टोन’चे बटण हा भेद नेमका दाखवीत असे. ते एका बाजूला फिरविले की खरखर मावळे, गाणे गोड लागे, पण बातम्यांतील शब्द पुसट होत. दुसऱ्या बाजूला फिरविले की शब्द उठून दिसत आणि त्यांबरोबर खरखरही वाढे.

ह्याचे कारण भाषेच्या ध्वनिरचनेत आहे. मध्यमलहरींवर दोन केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचे अंतर असते. त्यामुळे साधारण ग्राहकयंत्रातून साडेचार किलोहर्ट्झच्या वरचे ध्वनिघटक फारसे येत नाहीत. स्वर, अनुनासिके आणि ‘ल’, ‘ळ’, ‘र’, ‘य’ यांची ओळख पटविणारे घटक ह्या मर्यादेच्या खाली असतात. म्हणून वऱ्हाडी वक्ता ‘काळा’ म्हणतो की ‘काया’, हे क्षीण ध्वनिक्षेपणातही कळते. ‘श’ची ऊर्जाही बऱ्याच अंशी मर्यादेच्या आत येते, ‘स’ची मात्र मुख्यतः तिच्या वर राहते. परिणामी ‘साल’ आणि ‘शाल’ यांतील अंतर कमी होते. दंत्य आणि तालव्य ‘च’ व ‘ज’ यांचेही तसेच. दुनिया ह्या अर्थाचा ‘जग’ आणि जगण्याची आज्ञा करणारा ‘जग’ हे शब्द लिपीत एकरूप व उच्चारात भिन्न आहेत. अशा ध्वनिक्षेपणात ते कानालाही जवळजवळ एकरूप होतात.

१९५५ साली मिलर आणि नाइसली यांनी इंग्रजी व्यंजनांवर केलेल्या प्रयोगांत हेच अधिक व्यापक रूपात दिसून आले. गोंगाटात घोषत्व आणि अनुनासिकत्व दीर्घकाळ टिकते. उच्चाराचे स्थान, म्हणजे ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य हा भेद, लवकर नष्ट होतो. मग वाक्य कळते कसे? श्रोता हरपलेला ध्वनी संदर्भावरून भरून काढतो. भाषा पूर्ण अवगत असल्यामुळे पुढे कोणता शब्द संभवतो हे त्याला ठाऊक असते.

येथे संग्रामपूर परिसराची भाषिक रचना निर्णायक ठरते. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद आहे. सातपुड्यात कोरकू बोलली जाते, आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली ही कोणत्याही ज्ञात कुळात निश्चितपणे न बसणारी भाषा आहे. १९६२ साली कायपर यांनी तिचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. कोरकू अथवा निहाली ही ज्याची मातृभाषा, त्याच्यासाठी बातम्यांतील प्रमाण मराठी ही मागाहून शिकलेली भाषा होय. दुसऱ्या भाषेतील बोलणे गोंगाटात समजणे मातृभाषेपेक्षा अधिक कठीण जाते, हे प्रायोगिक अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. ह्याचा अर्थ असा की, खरखरीचे ओझे सर्व श्रोत्यांवर सारखे पडत नाही. पुण्याच्या श्रोत्याला जी किरकोळ गैरसोय, ती सातपुड्याच्या पायथ्याच्या श्रोत्याला अर्थहानी ठरू शकते.

४. डिजिटल ध्वनिक्षेपणाचा प्रश्न

मध्यमलहरी व लघुलहरी यांसाठीची ‘डिजिटल रेडिओ मोंदियाल’ ही पद्धती आकाशवाणीने २००९ पासून अवलंबिली आणि पुढे तीसहून अधिक मध्यमलहरी प्रक्षेपक तिला अनुरूप केले. मुंबईचा त्यांत समावेश आहे. ह्या पद्धतीत ध्वनीचे अंकांत रूपांतर करून ते अनेक सूक्ष्म वाहक लहरींवर वाटून पाठविले जातात. उपलब्ध अंकसंख्या थोडी असल्यामुळे वरच्या पट्टीतील ध्वनी जसाच्या तसा न पाठविता त्याची केवळ रूपरेषा पाठवितात, आणि ग्राहकयंत्र खालच्या पट्टीच्या आधारे तो पुन्हा रचते. मध्यमलहरींवर नाहीसा झालेला ‘स’ अशा रीतीने श्रोत्याकडे परत येतो. खरखर नाही, शब्द सुटे आणि स्पष्ट. वर सांगितलेल्या द्वितीयभाषिक श्रोत्याला ह्याहून मोठी देणगी कोणती असू शकेल?

तथापि ह्या देणगीला एक अट आहे. जुन्या पद्धतीत लहर जसजशी क्षीण होते, तसतसा ध्वनी हळूहळू बिघडतो. श्रोता रेडिओ फिरवितो, टोन बदलतो, संदर्भावरून अर्थ लावतो, आणि अर्धेमुर्धे का होईना पण ऐकतो. डिजिटल पद्धतीत लहर एका ठराविक पातळीच्या वर असेतो ध्वनी निर्मळ असतो. पातळी ढळली की तो तुटतो आणि मग निःशब्द शांतता पसरते. अर्धवट ऐकू येण्याची अवस्था जवळजवळ नाहीच. ज्या श्रोत्याने आजवर कानाच्या अभ्यासाने उणीव भरून काढली, त्याच्या त्या कौशल्याला येथे जागा उरत नाही. शिवाय ग्राहकयंत्रेही घरांपेक्षा मोटारींत अधिक पोहोचली; कारखान्यातच बसविलेली अशी यंत्रे असलेल्या मोटारी लाखोंच्या संख्येने विकल्या गेल्या, तर घरगुती यंत्र महाग आणि दुर्मीळ राहिले.

घरगुती उपायांचे महत्त्व ह्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. ज्या बाहेरच्या तारेने पूर्वी खरखर थोडी कमी झाली असती, तीच तार डिजिटल ग्रहणात शांतता आणि संपूर्ण सुस्पष्टता यांमधील सीमा ओलांडून देऊ शकते. कांडीची दिशा, घरातील उपकरणांपासूनचे अंतर, खारपाणपट्ट्यातील अर्थिंग, ही जुनी सामग्री नव्या पद्धतीतही तितकीच उपयोगी आहे. एफ.एम. हा मध्यमलहरींना सरसकट पर्याय मानता येत नाही. त्याची लहर दृष्टिरेषेच्या फारशी पलीकडे जात नाही आणि सातपुड्याच्या दऱ्यांत डोंगर आडवा येतो.

५. निष्कर्ष

१९२७ पासूनच्या ह्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला : व्याप्ती की सुस्पष्टता? १९३८ साली लघुलहरींनी व्याप्ती पत्करली. मागाहून झालेल्या प्रादेशिक केंद्रांनी दोहोंचा मेळ घातला. अलीकडच्या वर्षांत अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक बंद होत गेले आणि डिजिटल पद्धतीने सुस्पष्टतेचे अभूतपूर्व आश्वासन दिले. ते आश्वासन खरे आहे. परंतु त्याचे मोजमाप मुंबईत किंवा नागपुरात करून भागणार नाही. प्रक्षेपकाची शक्ती ठरविताना आणि जुनी सेवा केव्हा थांबवावी हे ठरविताना परिघावरील गावांत, दिवसा आणि रात्री, प्रत्यक्ष श्रवणाच्या चाचण्या झाल्या पाहिजेत. त्या चाचण्यांत केवळ लहरीची तीव्रता न मोजता मराठीच्या व्यंजनभेदांची ओळख तपासावी, आणि श्रोत्यांत मराठी मातृभाषा असलेले व नसलेले असे दोन्ही गट असावेत. असे मोजमाप हे भाषाविज्ञान व अभियांत्रिकी यांचे संयुक्त कार्य आहे, आणि मराठी विभागांना त्यात पुढाकार घेता येण्यासारखा आहे. ध्वनिक्षेपणाचा दर्जा शेवटी तेथेच ठरतो, जेथे तो सर्वांत क्षीण होऊन पोहोचतो.