आंव, संग्रहणी आणि रोग्याचा प्रश्न

दोडामार्गचा रोगी पुष्कळदां सीमा ओलांडून गोव्यांत बांबोळीच्या इस्पितळांत जातो. आतड्यांच्या जुनाट दाहाचें निदान कानीं पडलें कीं तो विचारतो : ही आंव कीं संग्रहणी? प्रश्न भाबडा नाहीं. वैद्यकालाहि तो उलगडण्यास फार काळ लागला. चरकसंहितेंत ग्रहणीवर स्वतंत्र अध्याय आहे, पण त्या एका नांवाखालीं आज निरनिराळे मानलेले कित्येक विकार येतात. १८५९ सालीं इंग्लंडांतील विषप्रयोगाच्या एका खटल्यांत मृत स्त्रीचीं आतडीं पाहून डॉ. विल्क्स यांनीं तींत व्रणयुक्त दाह वर्णिला. म्हणजे विषाचा संशय रोगावर जाऊन ठेपला! १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन व त्यांच्या दोघां सहकाऱ्यांनीं लहान आतड्याच्या शेवटाचा दाह क्षयाहून निराळा काढला. आपल्याकडे क्षय विपुल, म्हणून ही पारख आजहि अवघड जाते. कित्येकांस आधीं महिनोगणती क्षयाचींच औषधें मिळतात.

हा रोग संसर्गानें जडत नाहीं; घरांत ताटवाटी वेगळी मांडण्याचें कारण नाहीं. तो बहुधा जन्माचा सोबती असतो, पण औषधानें वर्षानुवर्षें शांत राहूं शकतो. बरें वाटतांच औषध सोडल्यास तो उलटण्याचा धोका वाढतो. लग्नाचा आणि मुलांचा प्रश्न मुली संकोचानें गिळतात. तो डॉक्टरानें आपण होऊन काढावा. रोग शांत असतां बहुतेकींस सुखरूप मातृत्व लाभतें.