सैतान, सँडल आणि नाटोची नावे

रशियन विमानांवर मराठीत काही लिहून आले की एक वाक्य हमखास भेटते: ‘या विमानाची दहशतच अशी, की नाटोने त्याचे नाव अमुक ठेवले.’ टुपोलेव्ह-९५ अजस्र आणि रशियाचे, म्हणून ‘बेअर’, अस्वल. आर-३६एम या महाकाय क्षेपणास्त्राचा धाक, म्हणून ‘सेटन’, सैतान. सुखोई-५७ रडारला चकवून घुसणारे, म्हणून ‘फेलन’, अट्टल गुन्हेगार. या मताची दुसरी शाखा नेमके उलटे सांगते. तिच्या म्हणण्याप्रमाणे ही नावे म्हणजे शत्रूला हिणवण्यासाठी घातलेल्या शिव्या. भांडण दिसते खरे, पण दोघांचे गृहीतक एकच आहे: नाव ठेवणाऱ्याने वस्तू आधी पारखली, तिचा स्वभाव ओळखला आणि मग साजेसा शब्द शोधला. या गृहीतकातच खोट आहे.

सैतानापासूनच सुरुवात करू. जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या सोव्हिएत क्षेपणास्त्राला इंग्रजी ‘एस’ने सुरू होणारा शब्द द्यायचा, असा पाश्चात्त्यांचा नियम होता. १९६२ मध्ये क्युबात नेऊन ठेवलेली आणि जगाला अणुयुद्धाच्या तोंडाशी आणणारी आर-१२ क्षेपणास्त्रे याच यादीत आहेत. त्यांचे नाव ‘सँडल’. होय, पायात घालतात तेच. नावातून धाक मोजायचा तर क्युबा प्रकरणात जगाने उगाच श्वास रोखून धरला म्हणायचे. विमानातून सोडायच्या क्षेपणास्त्रांना, लक्ष्य जमिनीवर वा समुद्रावर असेल तर, ‘के’. म्हणून विमानवाहू नौका बुडवण्यासाठी बनवलेले केएच-२२ ठरले ‘किचन’.

आता घरचे उदाहरण. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीजवळ जी पी-१५ क्षेपणास्त्रे डागली, त्यांचे नाटो-नाव ‘स्टिक्स’. ग्रीक पुराणात मृतांच्या राज्याभोवती वाहणारी नदी ती, आपली वैतरणी म्हणा. अर्थ शोधणाऱ्याला आणखी काय हवे? पण सोव्हिएत नौदलाच्या क्षेपणास्त्रांच्या यादीत दोन क्रमांकावर स्टिक्स आहे आणि लगेच तीनवर ‘शॅडॉक’, म्हणजे चक्क पपनस. वैतरणीत गूढार्थ असेल तर पपनसातही तो कोणीतरी दाखवून द्यावा.

याहून गमतीचा प्रकार पेचोराचा. जमिनीवरून आकाशात सुटणारे हे क्षेपणास्त्र सोव्हिएत सैन्यात १९६१ मध्ये दाखल झाले आणि त्याचे नाटो-नाव आहे ‘गोवा’. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य. पुढे हेच पेचोरा भारतीय हवाई दलानेही घेतले. जुळवाजुळवीचा छंद असलेल्या माणसाच्या हाती एवढे साहित्य दिले तर संध्याकाळपर्यंत प्रबंध तयार होईल. पण त्या यादीत गोव्याचे शेजारी आहेत ‘गाइडलाइन’, ‘गेनफुल’ आणि ‘गेको’. गेको म्हणजे पाल. शिवाय इंग्रजी कोशात तिबेटी हरणाच्या एका जातीलाही ‘गोआ’च म्हणतात. जमिनीवरून हवेत जाणारे, म्हणून ‘जी’ हे अक्षर. नावातली माहिती तिथेच संपते.

विमानांचा हिशेबही असाच. लढाऊ विमान ‘एफ’, बॉम्बफेकी ‘बी’, मालवाहू आणि प्रवासी ‘सी’, हेलिकॉप्टर ‘एच’, आणि उरलेली सगळी, म्हणजे प्रशिक्षण, सागरी टेहळणी, हवाई इशारा वगैरे, ‘एम’. दुसरा नियम कानाचा आहे. पंख्यावर चालणाऱ्या विमानाचे नाव उच्चारताना एकच ठोका पडावा, जेट असेल तर दोन. ‘बेअर’ देवनागरीत लांब दिसत असला तरी इंग्रजी तोंडात तो एकच ठोका आहे, कारण टुपोलेव्ह-९५ ला पंखे आहेत. त्याच कारखान्याचे टुपोलेव्ह-१६ जेट आहे, म्हणून ‘बॅजर’. गोव्यातल्या दाबोळीच्या ‘हंसा’ तळावरून २०२३ पर्यंत उडणारे नौदलाचे इल्युशिन-३८ हे ‘मे’: सागरी टेहळणी म्हणून ‘एम’, पंखे म्हणून एक ठोका. आपले अंतोनोव्ह-३२ ‘क्लाइन’, तर जेटवर चालणारे इल्युशिन-७६ ‘कँडिड’. हेलिकॉप्टरला ठोक्यांचा नियम नाही. त्यामुळे ‘हिप’ही चालते आणि ‘हॅवॉक’ही.

मिग-१५ चे प्रकरण तर या मताला सरळ आडवे येते. एका आसनाचे लढाऊ मिग-१५ हे ‘फॅगट’. त्यालाच दुसरे आसन बसवून शिकाऊ वैमानिकांसाठी वापरले, की ते ‘मिजेट’, बुटके. पंख तेच, इंजिन तेच. काम बदलले म्हणून ‘एफ’चा ‘एम’ झाला. मिग-२१ ची प्रशिक्षण आवृत्तीही अशीच ‘माँगोल’ झाली. त्या नावात वंशद्वेष शोधणाऱ्यांनी आधी हे पहिले अक्षर तपासायला हवे होते.

शिवाय ही नावे ‘नाटोने ठेवली’ हेही ढोबळच विधान आहे. विमाने आणि क्षेपणास्त्रांची नावे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांची हवाई प्रमाणीकरण समिती ठरवी. त्यातले शेवटचे दोन देश नाटोत कधीच नव्हते. नाटोने ती यादी वापरली. पद्धतीचे मूळ त्याहून जुने, जपानविरुद्धच्या युद्धातले. १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियात असलेल्या फ्रँक मॅकॉय या अमेरिकी अधिकाऱ्याच्या चमूने जपानी लढाऊ विमानांना पुरुषांची आणि बॉम्बफेकींना बायकांची नावे दिली: ‘झीक’, ‘ऑस्कर’, ‘बेटी’, ‘केट’. एका विमानाला ‘हॅप’ म्हटले, तेव्हा अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख हॅप आर्नोल्ड रागावले आणि त्याचे ‘हॅम्प’ करावे लागले. विमान होते तसेच राहिले.

आणि मुख्य मुद्दा असा, की नाव ठेवायच्या वेळी स्वभाव माहीतच नसे. सोव्हिएत संघ आपल्या विमानांचे खरे क्रमांकही उघड करत नसे. म्हणून तर हा खटाटोप. १९५६ मध्ये मॉस्कोजवळ तुशिनोच्या हवाई संचलनात मिकोयान यांची दोन नवी प्रायोगिक विमाने दिसली. मागे झुकलेल्या पंखांचे ते ‘फेसप्लेट’, त्रिकोणी पंखांचे ते ‘फिशबेड’. पश्चिमेकडचे जाणकार फेसप्लेटच सेवेत येणार असे धरून बसले. ते कधीच आले नाही. आले त्रिकोणी पंखांचे, तेच मिग-२१. पुढे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ते बनू लागले आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला आपल्या हवाई दलातून निवृत्त झाले, तरी पाश्चात्त्य कागदांत त्याचे ‘फिशबेड’ सुटले नाही. मिग-२५ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९६७ च्या दोमोदेदोव्हो संचलनात ते दिसले तेव्हा पश्चिमेने त्याला मिग-२३ समजून ‘फॉक्सबॅट’ नाव दिले. ६ सप्टेंबर १९७६ ला व्हिक्टर बेलेन्को ते घेऊन जपानमध्ये हाकोदातेला उतरला, तेव्हा कळले की विमान बरेचसे पोलादाचे आहे आणि त्याच्या रडारात व्हॅक्यूम नळ्या आहेत. क्रमांकाचा अंदाज चुकला होता, विमानाचा अंदाजही चुकला होता. नाव मात्र तसेच राहिले, कारण त्याचे काम ग्रंथालयातल्या दाखल-क्रमांकाएवढेच होते.

पूर्वपक्षाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. पहिले अक्षर नियमाचे असले तरी पुढचा शब्द माणसेच निवडत, आणि माणसांना खोड्या सुचतात. मिग-१५ चे आधी ‘फाल्कन’ ठरले होते, शत्रूला ते फारच शोभेल म्हणून बदलले, असे सांगतात. चीनच्या क्यू-५ ला ‘फॅनटॅन’ हे चिनी जुगाराचे नाव मिळाले आणि जे-२० ला ‘फेगिन’, डिकन्सच्या कादंबरीतला खिसेकापूंचा म्होरक्या. ‘फेलन’ही याच चालीचे. पण हा टोमणा देशाला आहे, त्यात विमानाचे वर्णन नाही. शिवाय समिती नेहमी टोमणे मारी असेही नाही. मिग-२९ चे ‘फलक्रम’ हे नाव तर खुद्द सोव्हिएत वैमानिकांना आवडले होते.

अर्थ शोधायचाच असेल तर जे विमान चालवतात त्यांनी ठेवलेल्या नावांत शोधावा. रशियन सैनिक मिल-२४ ला ‘मगर’ म्हणत, ते त्याला रोज पाहून. आपल्या हवाई दलाने मिग-२५ ला ‘गरुड’, मिग-२७ ला ‘बहादूर’ म्हटले. हेलिकॉप्टरांत तर मिल-८ ‘राणा’, मिल-१७ ‘प्रताप’ आणि मिल-३५ ‘अकबर’ असा सगळा हळदीघाटच भरला आहे. पुण्याच्या लोहगाव तळावर १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेले मिग-२९ आपल्याकडे ‘बाझ’ आहे. संपादकांनी मथळ्यात तेच छापावे. ‘फलक्रम’ द्यायचेच तर शेजारी एवढे लिहावे: ‘एफ’ म्हणजे लढाऊ, दोन ठोके म्हणजे जेट.