‘की’ आणि अवतरणचिन्ह

टिटवाळा, खडवली, वाशिंद या पट्ट्यातून, किंबहुना कोठल्याही मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वह्या तपासणाऱ्यांना एक चूक चांगलीच परिचयाची असते. ‘ही सेड दॅट’ असे लिहून विद्यार्थी अवतरणचिन्ह उघडतो आणि आत ‘आय विल कम टुमॉरो’ हे वाक्य ठेवतो. शिक्षक लाल शाईने ‘दॅट’ खोडतात, त्या जागी स्वल्पविराम देतात आणि पुढची वही घेतात. ही चूक निष्काळजीपणाची मानली जाते. आमच्या मते तिच्यामागे मराठी गद्याचा मोठा इतिहास आहे.

दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठी त्याची खूण शब्दांतच ठेवते. ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ किंवा ‘मी उद्या येईन असे तो म्हणाला’ या दोन्ही वाक्यांत ‘मी’ म्हणजे ‘तो’च, हे ऐकणाऱ्याला सहज कळते. ‘की’, ‘असे’, ‘म्हणून’ हे शब्द बोलण्याची हद्द आखून देतात. संस्कृतातला ‘इति’ हेच काम करतो. कन्नड आणि तेलुगू या शेजारच्या भाषांतही बोलण्याच्या शेवटी असा शब्द येतो. तेराव्या शतकातले लीळाचरित्र संवादांनी भरलेले आहे, ज्ञानेश्वरी तर मुळात संवादच. पण त्यांच्या लेखकांना अवतरणचिन्हाची उणीव भासली नाही. मोडी दफ्तरांत तर आधी शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत. शब्दांमध्येही अंतर नसे, मग विरामचिन्हे कोठून असणार?

ती आली छापखान्याबरोबर आणि इंग्रजी अमलातल्या शालेय पुस्तकांबरोबर. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात सहभागी असलेले मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका लिहिली. इंग्रजी चिन्हांचा वापर मराठीत रीतसर समजावून देण्याचे श्रेय या पुस्तिकेला दिले जाते. पुढे पाचच वर्षांनी, १८५५ मध्ये, कल्याणहून निघालेला लोहमार्ग खडवलीच्या मुलखातून वाशिंदपर्यंत पोहोचला. एकाच राजवटीत, एकाच काळात आलेल्या या दोन गोष्टी होत.

खुद्द इंग्रजीतही अवतरणचिन्ह फार जुने नाही. सोळाव्या शतकातल्या छापील पुस्तकांत स्वल्पविरामासारख्या खुणा समासात देत, त्या लक्षणीय वचनांकडे बोट दाखवण्यासाठी. पात्रांच्या बोलण्याभोवती ही चिन्हे स्थिरावली ती अठराव्या शतकातल्या कादंबरीत. इंग्रजीला त्यांची गरजही होती. त्या भाषेत ‘दॅट’ आले की पुरुष बदलतो, बहुधा काळही बदलतो: ‘ही सेड दॅट ही वुड कम’. वक्त्याचा ‘आय’ तसाच राखायचा असेल, तर ‘दॅट’ जाते आणि चिन्ह येते. तिथे चिन्हालाच व्याकरणाचे काम करावे लागते.

मराठीत ते काम ‘की’ आधीच करत होता. चिन्ह त्याच्या जोडीला आले आणि दोघे एकत्र नांदू लागले. तो म्हणाला की, “मी उद्या येईन.” असे वाक्य आजही सर्रास छापले जाते आणि कोणाला खटकत नाही. विद्यार्थी हेच वाक्य इंग्रजीत नेतो.

म्हणून नियम सांगताना त्यांची कारणेही सांगावीत. ‘दॅट’ किंवा अवतरणचिन्ह, दोहोंपैकी एकच. ‘ही सेड’ आधी आले तर त्यानंतर स्वल्पविराम आणि अवतरणातले पहिले अक्षर मोठे. देवनागरीत मोठे अक्षर नाही, त्यामुळे ही खूण मुलाच्या डोळ्यांना सवयीची नसते, हे ध्यानात घ्यावे. बोलणे संपवणारे चिन्ह अवतरणाच्या आत राहते. ‘ही सेड’ मागून आले तर पूर्णविरामाचा स्वल्पविराम होतो. प्रश्नचिन्ह मात्र तसेच राहते, आणि त्याच्या पुढचा ‘ही’ लहान अक्षरानेच सुरू होतो. वक्ता बदलला की परिच्छेद बदलतो.

घरातले पहिलेच इंग्रजी शिकणारे मूल लाल शाई पाहून आपली विचार करण्याची रीतच सदोष आहे असे समजते. तसे समजण्याचे काहीच कारण नाही. फळ्यावर मराठी आणि इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी लिहावे, ‘की’खाली एक रेघ ओढावी आणि इंग्रजीत हेच काम कोण करते ते मुलांना शोधू द्यावे. तेवढ्याने एका भाषेचा नियम कळेल आणि दुसरीची रीतही.