मँडोलिन

नखीने छेडून वाजविण्याचे एक पाश्चात्त्य तंतुवाद्य. ल्यूट कुळातील हे लहान वाद्य अठराव्या शतकाच्या मध्यास इटलीतील नेपल्स शहरात आजच्या रूपास आले. त्याची ध्वनिपेटी लाकडाच्या पातळ, वाकविलेल्या पट्ट्या जोडून केलेली व पाठीमागे फुगीर असते. मानेवर धातूचे पडदे बसविलेले असून तारांच्या चार जोड्या असतात. जोडीतील दोन्ही तारा एकाच स्वरात आणि लगतच्या जोड्या परस्परांशी षड्ज-पंचम भावाने (जी, डी, ए, ई) मिळवितात. ही मिळवणी व्हायोलिनचीच आहे. तथापि व्हायोलिनचा स्वर गजाने हवा तितका लांबविता येतो. मँडोलिनचा स्वर आघातानंतर लगेच विरू लागतो. या अल्पजीवी स्वराला दीर्घत्व कसे द्यावे, अथवा त्याच्या अल्पजीवीपणातूनच सौंदर्य कसे साधावे, या प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांतून मँडोलिनच्या अभिजात वादनाचा इतिहास घडला आहे.

इतिहास : नेपल्सच्या मँडोलिनपूर्वी उत्तर इटलीत ‘मांदोलीनो’ हे तातीच्या तारांचे, मुख्यतः चतुर्थ स्वरांतराने मिळविलेले वाद्य प्रचारात होते. आंतॉन्यो स्त्रादिव्हारी (१६४४–१७३७) याने घडविलेले असे नमुने उपलब्ध आहेत. आंतॉन्यो व्हिव्हाल्दी (१६७८–१७४१) याच्या मँडोलिन काँचेर्तोंमागे हीच परंपरा आहे. पुढे व्हिनाच्चा या वाद्यकार घराण्याने नेपल्सच्या मँडोलिनला प्रतिष्ठा मिळवून दिली. तेथील वादक पॅरिसला गेले आणि गाब्रिएले लेओने याने १७६८ मध्ये तेथे या वाद्याची शिक्षणपद्धती प्रसिद्ध केली. व्हायोलिनवादकास मँडोलिनकडे वळता यावे, हा तिचा हेतू होता. मोट्सार्टच्या दोन जोव्हान्नी (१७८७) या संगीतिकेत नायकाच्या प्रणयगीतास मँडोलिनची साथ आहे. बेथोव्हनने १७९६ मध्ये प्राग येथे मँडोलिनसाठी रचना केल्या. त्याच्या अशा चार रचना उपलब्ध आहेत. हुमेलचा काँचेर्तो १७९९ मधील आहे. या काळातील वाद्यावर वरची जोडी तातीची आणि इतर तारा हलक्या असत. रचनाकारांनीही लांब स्वरांऐवजी द्रुत, सुटे स्वर योजून वाद्याच्या मर्यादेचे गुणात रूपांतर केले.

१८२० नंतर मैफलीच्या दालनांतून मँडोलिन मागे पडले. त्याचे पुनरुज्जीवन पास्क्वाले व्हिनाच्चा याच्या सुधारणांमुळे शक्य झाले. त्याने पोलादी तारा, त्या ताणण्यासाठी दात्यांच्या खुंट्या व लांब स्वरपट्टी यांची जोड दिली. ताण वाढताच नाद मोठा झाला आणि ‘ट्रेमोलो’, म्हणजे नखीचे अतिद्रुत खाली-वर आघात करून स्वर अखंड भासविण्याची क्रिया, वादनाचा आधार बनली. इटलीची राणी मार्गेरीता (१८५१–१९२६) हिच्या अनुरागामुळे वाद्य प्रतिष्ठित घरांत पोहोचले. कार्लो मूनिएर (१८५९–१९११) व राफ्फाएले कालाचे (१८६३–१९३४) हे या काळातील श्रेष्ठ वादक-रचनाकार होत. रोममध्ये लुईजी एंबेर्गर (१८५६–१९४३) याची वाद्ये विशेष नावाजली गेली. अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन (१८५६–१९१८) याने व्हायोलिनप्रमाणे कोरलेल्या, कमानदार फळीचे मँडोलिन प्रचारात आणले.

नखी : सरोदवादकाच्या जव्याचे जे महत्त्व, तेच मँडोलिनवादनात नखीचे आहे. अठराव्या शतकात ती पक्ष्याच्या पिसाच्या देठाची असे. तिचा आघात मृदू व स्पष्ट होई. पोलादी तारांना ती पुरेना, तेव्हा कासवाच्या कवचाची नखी रूढ झाली. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर या कवचाच्या व्यापारावर निर्बंध आल्याने कृत्रिम द्रव्यांच्या नख्या अधिक प्रचारात आल्या. रोमच्या परंपरेत लांबट व टोकदार, तर जपानमध्ये हृदयाकृती नखी आढळते. नखीची जाडी, टोक व तिचा तारेशी होणारा कोन यांवर स्वराचा पोत अवलंबून असल्याने एकाच वाद्याचा नाद नखीबरोबर पालटतो.

वाद्यवृंद व रचना : मँडोलिन वाद्यवृंदात पहिली व दुसरी मँडोलिन, मांदोला, मांदोलोंचेल्लो, गिटार व डबल बास ही वाद्ये असतात. मूनिएरने नखीवाद्यांच्या चौकडीसाठी स्वतंत्र रचना केल्या. हौशी मंडळांचा भर आरंभी संगीतिकांच्या रूपांतरांवर होता. मिलानच्या इल प्लेत्रो (स्थापना १९०६) या नियतकालिकाने रचनास्पर्धा भरवून मूळ लेखनास उत्तेजन दिले. साल्व्हातोरे फाल्बो, ऊगो बोत्ताक्यारी प्रभृतींच्या या रचना जपानमध्ये विशेष जिव्हाळ्याने जतन झाल्या. तेथील केइओ व दोशिशा या विद्यापीठांत १९१० मध्येच मँडोलिन मंडळे निघाली होती; कालाचेने १९२४-२५ मध्ये जपानचा दौरा केला. हौशी वादकांच्या या विपुलतेने वाद्य तगले. परंतु ते केवळ विरंगुळ्याचे साधन होय, हा समजही तिनेच दृढ केला. माहलर (सातवी सिंफनी) व शनबेर्क (सेरेनेड, कृतिक्रमांक २४) यांनी मँडोलिनचा उपयोग केला, तरी तो समज सहज ओसरला नाही. बर्लिनच्या कोनराट व्हल्की (१९०४–८३) याने वाद्याच्या अभिजात दर्जासाठी आयुष्यभर प्रयत्न केले. जर्मन वृंदलेखनात हळूहळू ट्रेमोलोचे प्राबल्य ओसरून सुट्या आघातांना पुन्हा स्थान मिळाले. जुन्या वाद्यांच्या प्रतिकृतींवर पिसाच्या नखीने झालेल्या वादनामुळे अठराव्या शतकातील रचनांचे मूळ नादरूपही प्रत्ययास आले. जर्मनीत २०२३ चे ‘वर्षाचे वाद्य’ म्हणून मँडोलिनची निवड झाली.

भारतातील वादन : भारतीय संगीतात स्वराच्या दीर्घत्वाबरोबर मींड व गमक यांचाही प्रश्न होता, कारण पडद्यांमुळे स्वर तुटक होतात. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–९५) यांनी या वाद्यावर हिंदुस्थानी राग वाजवून ही अडचण असाध्य नसल्याचे दाखविले. संगीतकार लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–९८) हेही प्रारंभी मँडोलिनवादक होते. कर्नाटक संगीतात उ. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी जोड्यांऐवजी एकेरी तारांचे विद्युत् मँडोलिन स्वीकारले. एकेरी तार खेचणे सुलभ असते आणि विद्युत्-वर्धनामुळे नाद अधिक काळ टिकतो. त्यामुळे त्यांना गमकयुक्त आलापना साधली. नेपल्सच्या वाद्यकारांनी पोलादी तारेने व ट्रेमोलोने सोडविलेला प्रश्न येथे एका वेगळ्या संगीतपरंपरेने आपल्या गरजेनुसार सोडविला.