चालत्या भिंतीचं नेपथ्य

गोदावरीकाठच्या पुणतांब्यात चांगदेव महाराजांची समाधी आहे. त्यांची गोष्ट मराठी मुलांच्या कानावर लवकरच पडते. चौदाशे वर्षं जगलेला योगी वाघावर स्वार होऊन, हातात सापाचा चाबूक घेऊन निघतो आणि ज्ञानेश्वर भावंडांसह ज्या भिंतीवर बसलेले असतात ती भिंतच त्याला सामोरी जाते. कीर्तनकाराला एवढ्यासाठी वीणा-टाळ पुरतात. नाटक करायचं ठरलं, की वाघ, साप आणि भिंत नेपथ्यकाराच्या गळ्यात पडतात.

अद्भुत आणि भय मराठी रंगभूमीला नवं नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली ‘सीता स्वयंवर’ केलं आणि त्यातून पौराणिक खेळांची परंपरा सुरू झाली. देखाव्यांचा थाट फारसा नव्हता. तरी राक्षसाचा प्रवेश गाजायचा. रंगवलेलं तोंड, मोकळे केस, हातात तलवार! मुठीतली राळेची पूड मशालीवर पडली की भपकन ज्वाळा उठे आणि त्या उजेडात तो ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकत नाचत येई. पुढे याच आरोळीवरून या नाटकांची टिंगल झाली. ती अन्यायाची होती. अपुऱ्या उजेडात एक भपका आणि एक आरोळी एवढ्यावर भय उभं करणं, ही नेपथ्याचीच कामगिरी.

मग संगीत नाटकांबरोबर रंगवलेले पडदे आले. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले, ‘ललितकलादर्श’ या नाटक मंडळीला पु. श्री. काळे लाभले. राजवाडा, रस्ता, अरण्य, सगळं हुबेहूब. पण पडद्यावरचं अरण्य डोळ्यांना सुखवतं, पोटात गोळा आणत नाही.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेत गेले. १९४० च्या त्यांच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत खरोखर चालली. रंगमंचाला न सुटलेलं कोडं कॅमेऱ्याने सोडवलं.

रंगमंचाने मात्र परीकथा सोडली नाही. सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’ने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ केलं. मतकरींनी १९६२ मध्ये स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था काढली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात हे नाटक पुन्हा आलं, तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले. लेखक, दिग्दर्शक आणि चित्रकार असलेले मतकरी हे जाणून होते, की मुलांना घाबरायला आवडतं, फक्त शेवटी चेटकीण हरली पाहिजे.

पुणतांबा परिसरातल्या शाळांनी येत्या स्नेहसंमेलनात चांगदेवाची गोष्ट करून पाहावी. थर्माकोलचा वाघ नको. काळोखात दोन पिवळे दिवे सरकू द्या, पाठीमागून ढोल घुमू द्या. भिंतीसाठी चाकांचा पाट, त्यावर बांबूची चौकट, मातीच्या रंगाचं गोणपाट आणि आत ढकलायला चार दणकट मुलं पुरेत. वर बसणाऱ्या चिमुकल्या मुक्ताबाईचा तोल सांभाळायची जबाबदारी तेवढी एखाद्या मोठ्या माणसाने घ्यावी.